चावी दिलीस ना? मग निघ

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची एक ठरलेली चाल आहे. माणूस उभा राहतो, घसा खाकरतो, 'मी कोणीच नाही, जे केलं ते प्रभूनं केलं' असं म्हणतो आणि पुढची वीस मिनिटं आपण काय काय केलं ते सांगतो. मीही अशा साक्षी दिल्या आहेत. वार्षिक संमेलनात दिल्या, महिला मंडळात दिल्या, नर्सेसच्या फेलोशिपमध्ये माईकवरून दिल्या. बायका डोळे पुसायच्या. 'सिस्टर, तुमच्याकडे बघून बळ येतं हो,' म्हणायच्या. ऐकायला बरं वाटायचं, ते कशाला नाकारू?

आता नोकरी संपून काही वर्षं झाली. तीन दशकांहून जास्त काळ वॉर्डात गेला आणि त्यानंतर घरात नवऱ्याच्या उशाशी. 'आपल्या बळावर नको, देवाच्या बळावर जगा' हे वाक्य मी लहानपणापासून व्यासपीठावरून ऐकत आले. त्याचा मला लागलेला अर्थ साक्षीच्या साच्यात बसत नाही. त्यात विजय कमी आणि चादरी, चाव्या, गोळ्यांचे डबेच जास्त. म्हणून बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

माझं माहेर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्यासारख्या घरांतल्या मुलींपुढे तेव्हा दोन वाटा असत, डी.एड. नाहीतर नर्सिंग. थोरली डी.एड.ला गेली म्हणून मी नर्सिंगला गेले. पाचारण वगैरे झालं असेल असं कुणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. राहण्या-जेवण्याची सोय होती, थोडं विद्यावेतन मिळायचं आणि वडिलांच्या पगारावरचं एक तोंड कमी होत होतं. मिशन हॉस्पिटलात भल्या सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना व्हायची आणि तिथून थेट वॉर्डात. कॅपिंगच्या दिवशी हातात दिवा घेऊन शपथ घेतली. देव आपल्या हातांनी काम करतो, हे तिथं रोज कानावर पडायचं. ते मनावर इतकं ठसलं की आपले हात थांबले तर देवाचंही काम थांबेल, असा उलटा अर्थ मी कधी लावून बसले ते माझं मलाच कळलं नाही.

आणि हात होते मजबूत. बेशुद्ध किंवा लुळ्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाही वळवलं तर माकडहाड, खुबा, टाच, जिथं जिथं हाड कातडीला टेकतं तिथं आधी लाल डाग पडतो. बोटानं दाबून सोडला तरी तो पांढरा होत नाही. तो डाग दिसला की समजायचं, जखम दाराशी आली. हे वळवण्याचं काम दोघींचं असतं. पेशंटच्या पाठीखाली आडवी दुमडलेली चादर असते, तिला आम्ही ड्रॉशीट म्हणतो. दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, चादरीच्या कडा पेशंटच्या अंगालगत येईपर्यंत गुंडाळायच्या, मुठी आवळायच्या, एक पाय पुढे टाकायचा, गुडघे किंचित वाकवायचे आणि 'एक, दोन, तीन' म्हणून एकदम ओढायचं. जोर मांड्यांचा लावायचा, कंबरेचा नाही. हे पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीसुद्धा सांगेल.

पण रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. दुसरी सिस्टर कुणाची तरी शीर शोधत बसलेली, मावशी भांडं द्यायला गेलेली. हाक मारून वाट बघत उभं राहण्यापेक्षा मी पेशंटच्या एका बाजूला जायची, मनात 'प्रभू, बळ दे' म्हणायची आणि एकटीच ओढायची. पेशंट वळायचा! ऐंशी किलोचे गडी मी असे वळवले आहेत. मावशी कौतुकानं म्हणायची, 'बाईच्या अंगात देव आहे.' तेव्हा मला कुणी विचारलं असतं, देवाच्या बळावर जगतेस का, तर मी छाती पुढे काढून हो म्हटलं असतं. प्रार्थना करूनच उचलत होते ना! पुढे मोबाईल आले तेव्हा त्या प्रार्थनेचं खरं रूप दिसलं. देव ही माझी पॉवर बँक होती. काम माझं, ते कसं करायचं ते ठरवणारी मी आणि चार्जिंग उतरलं की तेवढं त्याच्याकडून घ्यायचं.

कंबरेनं यथावकाश हिशेब मागितला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली आणि डॉक्टरांनी सक्तीनं झोपवून ठेवलं. मंडळीतले लोक येऊन प्रार्थना करून गेले. माझ्या डोक्यात एकच, वॉर्डाचं काय होत असेल. भेटायला आलेल्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, 'चाललंय की. तू आराम कर.' वॉर्ड माझ्याशिवाय चालत होता. कंबरेपेक्षा हे जास्त दुखलं.

परत कामावर आले ते दुसऱ्या वॉर्डात. तिथल्या इनचार्ज सिस्टर चर्चला फक्त नाताळ आणि उत्तम शुक्रवारी दिसायच्या. तोंडात शास्त्रवचन कधी नाही, शिव्या मात्र अधूनमधून. पण देवावर भरवसा ठेवणं म्हणजे काय ते मला कुण्या पाळकापेक्षा त्यांनीच जास्त शिकवलं आणि त्यांना स्वतःला याचा पत्ताही नसेल.

त्यांच्या वॉर्डात हँडओव्हर म्हणजे पूजाविधीच. जाणारी आणि येणारी अशा दोघींनी खाटेखाटेपाशी उभं राहायचं. सलाईन किती उरलं, लघवी किती झाली, रात्री कोण कण्हत होतं, कुणाचे नातेवाईक भांडखोर आहेत, सगळं सांगायचं. मग मॉर्फिन आणि पेथिडीनचं कुलूपबंद कपाट. आतल्या अँप्युल एकेक करून ट्रेमध्ये काढायच्या, वापरलेल्या रिकाम्या अँप्युलसुद्धा मोजायच्या, रजिस्टरमधल्या आकड्याशी जुळवायच्या, दोघींनी सह्या करायच्या. एक अँप्युल कमी भरली तर कुणी हलायचं नाही. सगळं जुळलं की जाणारीनं कपाटाची चावी येणारीच्या तळहातावर ठेवायची. त्यानंतर दहा मिनिटांत जाणारी वॉर्डाबाहेर दिसली पाहिजे, हा सिस्टरांचा कायदा.

एका संध्याकाळी कीटकनाशक प्यालेली एक तरुण मुलगी आली. खेड्यातल्या वॉर्डात काम केलेल्यांना हे नवीन नाही. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. ॲट्रोपिन देत राहायचं, दर काही मिनिटांनी बाहुली बघायची, नाडी मोजायची, छाती ऐकायची, घशातली लाळ सक्शननं ओढायची. जरा डोळ्यांवरून नजर हटली की खेळ खलास. माझी पाळी संपली आणि चार्ज घ्यायला आली ती नुकती पास झालेली पोरगी. तिचा हात सिरिंज भरताना कापत होता. मी अँप्युल मोजल्या, सही केली, चावी दिली आणि तरी खाटेपाशी रेंगाळले. सिस्टर टेबलावरून मान वर न करता म्हणाल्या, 'चावी दिलीस ना? मग निघ.'

मी म्हटलं, 'सिस्टर, ती नवीन आहे.'

'तू पण नवीन होतीस. तू इथं उभी राहिलीस तर ती तुझ्याकडे बघणार, पेशंटकडे नाही. निघ.'

निघाले. एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या प्रार्थनेत 'बळ दे' हे शब्द नव्हते. बळ मागून करू काय? खाटेपाशी मी नव्हतेच. मी एवढंच म्हणू शकले की ती मुलगी आता तुझ्याकडे आहे, आणि ती कापऱ्या हाताची पोरगीही तुझ्याकडेच आहे. हे म्हणणं फार जड गेलं. देवावर विश्वास ठेवणं सोपं असतं. देव ज्याच्या हातून काम करणार आहे त्या नवशिक्या माणसावर विश्वास ठेवणं अवघड.

सकाळी गेले तर मुलगी जिवंत होती. नव्या सिस्टरनं रात्रभर तक्ता एवढा नीट लिहिला होता की मलाही लाजवेल. इथं साक्ष संपली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण या विषात कधी कधी दोन-तीन दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. ती गेली ती तिसऱ्या दिवशी, माझ्याच पाळीत, माझ्या मजबूत हातांसमोर. मी तिथं असते तर, हा प्रश्नच उरला नाही. मी तिथंच होते.

त्या आठवड्यात मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचत होते. शेकडो वेळा वाचलेला. कफर्णहूममध्ये पेत्राच्या घरी संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं, येशूनं पुष्कळांना बरं केलं. पहाटे अंधारात तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुला शोधताहेत. आणि तो परत गेला नाही. दुसऱ्या गावांना निघाला. व्यासपीठावरून या उताऱ्यावर पहाटेच्या प्रार्थनेचं महत्त्व सांगतात. मला नर्स म्हणून वेगळीच गोष्ट दिसली. त्या दाराशी सकाळी रांग होती. कुणाचा तरी ताप उतरायचा राहिला होता, कुणी रात्रभर चालून पोचला होता. त्यांना तसंच ठेवून तो निघाला. ज्याच्याजवळ खरोखरच सगळं सामर्थ्य होतं, त्यानंही सगळे पेशंट पाहिले नाहीत. मग मी कोण लागून गेले?

एलीयाची गोष्टही अशीच. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम करून आलेला संदेष्टा रानात झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, आता मरण दे. देवदूत येतो तो प्रवचन द्यायला नाही. उठ, खा, एवढंच सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायलाच घालतो. देव बोलतो ते पुष्कळ नंतर. खचलेल्या माणसावर याहून चांगली ट्रीटमेंट मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. आमच्याकडे मात्र खचलेल्या माणसाला आधी उपवासप्रार्थनेला बोलावतात.

याचा कुणी असा अर्थ काढू नये की हात जोडून बसा, देव बघून घेईल. तसं बसणारेही पाहिलेत. आपल्याकडे देवावर भरवसा म्हटलं की पंडिता रमाबाईंचं नाव निघतं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेनं कसं सगळं मिळत गेलं ते सांगतात. ते खरंच आहे. पण बाई काय करत होत्या तेही बघावं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते, भूक म्हणजे काय ते त्यांना अंगावर माहीत होतं. केडगावला त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, वयाच्या उतारावर, ऐकू येईनासं झालं तरी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी आणि कामाची वारसदार, गेली. १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. सगळं भाषांतर छापून आलं ते १९२४ मध्ये, त्यांच्या माघारी. भरवसा ठेवणाऱ्या बाईचा दिवस हा असा होता. त्यांनी हात कधी जोडून ठेवले नाहीत. फक्त हातातलं काम आपल्याबरोबर संपलंच पाहिजे, असा हट्ट धरला नाही. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यांच्याही हातात जेमतेम दोन वर्षं उरली होती. १९१९ मध्ये ते गेले. घर चालवायची काळजी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली, हे आमच्या प्रवचनांतून हमखास गळतं. एकाच्या भरवशाचा भार पुष्कळदा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या खांद्यावर असतो.

तेच संस्थांचं. 'ही नोकरी नाही, सेवा आहे' हे वाक्य मी सेवेच्या प्रेमापोटी उच्चारलेलं ऐकलंय, आणि नवीन माणसं भरायची नसली की उच्चारलेलंही ऐकलंय. सलग डबल ड्युटी करणाऱ्या मुलीला 'प्रभू बळ देईल' म्हणणारे वरिष्ठ माझ्या डोक्यात जातात. गिदोनाच्या गोष्टीत देवानं बत्तीस हजारांतले तीनशेच ठेवले, म्हणून थोड्यांत भागवा, असं एका मीटिंगमध्ये ऐकलं होतं. ती गोष्ट मी घरी येऊन पुन्हा वाचली. पहिल्याच फेरीत बावीस हजार माणसं घरी गेली ती भीती वाटते म्हणून, आणि देवानं त्यांना जाऊ दिलं. एकालाही कमी विश्वासाचा म्हटलं नाही. हा भाग त्या मीटिंगमध्ये कुणी वाचला नव्हता.

जामखेडला मात्र उलटं बघायला मिळालं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मॅबेल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. कित्येक निरक्षर, कित्येक गावकुसाबाहेरच्या. आम्ही नर्सेस बघायला गेलो तेव्हा अशी एक बाई गरोदर बाईचं पोट तपासून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगत होती. आमच्यातल्या दोघी-तिघींपेक्षा तिचा हात जाणता होता. डिग्रीवाल्या डॉक्टरनं आपलं ज्ञान मुठीत न ठेवता अशा हातांत दिलं. कपाटाची चावीच ती. देव दुर्बळांना निवडतो असं पौल करिंथकरांना लिहितो ते मला त्या ओसरीवर दिसलं.

कोविडबद्दल थोडंच लिहिते, कारण त्या दिवसांबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. माझी नोकरी तेव्हा संपत आली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पालथं करायचं काम रोज असे. पाच माणसं लागतात. डोक्याशी डॉक्टर, त्याच्या हातात श्वासाची नळी, दोन्ही बाजूंना दोघं दोघं. आकडे डोक्याशी असलेला माणूसच मोजणार, बाकीच्यांनी तो 'तीन' म्हणेपर्यंत बोट हलवायचं नाही. पीपीई किटमध्ये कोण वॉर्डबॉय, कोण भूलतज्ज्ञ कळत नसे, छातीवर मार्करनं नावं लिहिलेली. एकेकाळी ऐंशी किलोचा माणूस एकटीनं वळवणारी मी, कोपऱ्यातल्या दोन हातांपैकी एक. मला तेव्हा हलकं वाटत होतं, हे त्या काळाबद्दल बोलायला विचित्र वाटेल, पण तसंच होतं.

आणि मग घर. मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही स्वतः सिस्टर आहात, काळजीच नाही.' मलाही तसंच वाटलं. हवेची गादी आणली, नाकातल्या नळीतून पातळ जेवण, कॅथेटर, दर दोन तासांनी कूस, भिंतीवर तक्ता. वॉर्डात आणि घरात एकच फरक होता. घरी पाळी संपत नाही. सकाळी चावी घ्यायला कुणी येत नाही. मुलगा परदेशात, तो रोज व्हिडिओवर दिसायचा आणि रडायचा, मग त्याचंही करावं लागायचं.

पहिले काही महिने मी कुणाला आत घेतलं नाही. मंडळीतल्या बायका यायच्या, त्यांना बाहेरच्या खोलीत चहा द्यायची. ज्या माणसानं आयुष्यभर इस्त्रीच्या शर्टाशिवाय चर्चची पायरी चढली नाही, त्याला डायपरमध्ये कुणी बघू नये असं वाटे. पाळकसाहेब यायचे, स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायचे. प्रार्थनेत डोळे मिटले की मला झोप लागायची. एकदा आमेन झाल्यावरही मी उठले नाही, तेव्हा ते बिचारे पाय न वाजवता निघून गेले.

याच काळात एक उपदेशक घरी आले. आरोग्याच्या सभा घेणारे. डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, घरात अविश्वास आहे. या गोळ्यांवर तुमचा भरवसा आहे तोवर प्रभू कसं काम करील?' गोळ्या रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या. त्या बंद झाल्या तर पुन्हा झटका येऊ शकतो, हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते समजून घ्यायला आले नव्हते. चपला दाखवल्या. ख्रिस्ती माणसाला दाराबाहेर काढण्याची माझी ती पहिलीच वेळ आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलेलं नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, पण काटा राहिला. पौलाच्या घरात अविश्वास होता का?

बदल घडला तो एका शेजारणीमुळे, तीही मंडळीतलीच, निवृत्त शिक्षिका. ती विचारत बसली नाही. एका मंगळवारी दुपारी आली, सरळ आतल्या खोलीत गेली, मिस्टरांना 'काय मास्तर?' म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मला म्हणाली, 'कूस कधी बदलायची ते लिहून दे. तू जा, झोप.' मी म्हटलं, तुम्हाला जमायचं नाही. ती म्हणाली, 'मग शिकव.' ड्रॉशीट कशी धरायची ते मी तिला दाखवलं. तिची मूठ सैल, पाय चुकीचा, 'तीन'च्या आधीच ओढायची. चार-पाच वेळा केल्यावर जमलं. मी शेजारच्या खोलीत जाऊन पडले आणि पडल्या पडल्या कान तिकडेच. मग इनचार्ज सिस्टरांचा आवाज आठवला आणि दार लावून घेतलं.

हळूहळू तिच्यामागे इतर बायका आल्या. वार वाटून घेतले. एक जण कायम उशिरा यायची, एक जण अखंड बोलायची, एकीनं सूप इतकं घट्ट आणलं की नळीच तुंबली. मनात चिडत होते, पण घेत होते. देवाच्या बळावर जगणं माझ्यापुरतं हेच निघालं. दुसऱ्यांची अर्धीकच्ची, वेळ चुकवणारी, माझ्यापेक्षा कमी कुशल मदत घेणं, आणि ती घेताना आपण उघडे पडतो ते सोसणं.

लोक विचारतात, त्या काळात तुम्हाला सामर्थ्य कसं मिळालं? खरं सांगायचं तर बळ आलंय असं मला कधी वाटलं नाही. वाटायचं ते थकल्यासारखंच. फक्त रात्री तक्त्याकडे बघितलं की सगळ्या खुणा भरलेल्या असायच्या, त्यांतल्या निम्म्या दुसऱ्यांच्या अक्षरात. काही दिवशी प्रार्थनेत एक शब्द सुचत नसे, तेव्हा मी नुसतं 'दिली चावी' म्हणायची. मिस्टरांना बोलता आलं नाही ते शेवटपर्यंत. पाठीवर एकही जखम नव्हती. ते गेले त्या दुपारी पाळी त्या शेजारणीची होती, मी झोपले होते. तिनं मला उठवलं. मला याची खंत वाटावी अशी काही जणांची अपेक्षा असते.

तुमच्या मंडळीत, चाळीत, सोसायटीत कुणी तरी असं माणूस सांभाळत असेल. त्याला 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, तो सांगणार नाही. 'तुमच्या विश्वासाचं कौतुक वाटतं' असंही म्हणू नका. मंगळवारी दोन ते चार मी येते, असं वार आणि वेळ सांगून म्हणा, आणि त्या वेळेला जा. आधी एकदा जाऊन कूस कशी बदलायची, किती उंच उशीवर भरवायचं, गोळ्या कुठल्या डब्यात असतात ते शिकून घ्या. मग त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा आणि दार लावून घ्यायला सांगा. प्रार्थना त्या दोन तासांत खुर्चीवर बसून करता येते.